सगळ्यात चांगली हवा

आमच्या चौकात हवेतली धूळ मोजायचं मशीन आहे आणि त्याची देखभाल माझ्याकडे. गेल्या वर्षी आकडा फारच चढला, तेव्हा साहेब म्हणाले, "रोज सकाळी मशीनच्या भोवती पाण्याचा फवारा मारत जा. धूळ बसली की आकडाही खाली बसतो." मी फवारा मारायला लागलो आणि आकडा शहाण्या बाळासारखा खाली आला. हे बायकोलाही सांगितलेलं नाही, तिच्या पोटात काही राहत नाही आणि माझी नोकरी जायची. घराच्या खिडक्या मात्र मी कधी उघडू देत नाही.

काल आमच्या चार वर्षांच्या धाकटीला धाप लागली. डॉक्टरांनी तिची छाती तपासली, मग मोबाइलवर आमच्या चौकाचा आकडा पाहिला. "अहो, शहरातली सगळ्यात चांगली हवा तुमच्याकडे आहे! घरच कोंदट असणार. खिडक्या उघड्या ठेवा, पोरीला रोज तासभर बाहेर खेळू द्या."

"डॉक्टर, त्या आकड्याचं काय आहे..." एवढं बोललो, आणि पुढचं गिळून टाकलं.

घरी आल्या आल्या बायकोने पोरीला कडेवर घेतलं आणि एकेक खिडकी सताड उघडायला सुरुवात केली. मी तिचा हात धरला. "नको उघडूस."

तिने हात झटकला.


"का? डॉक्टरांपेक्षा तुम्हाला जास्त कळतं?"