निरोपाचा विडा

"मिरी ठेवायला एक वखार हवी, बस्स," कंपनीचा टोपीकर म्हणाला. सरदेसायांनी हो म्हणून हातावर विडा ठेवला. विडा मिळाला की पाहुण्यानं उठायचं, हा रिवाज त्याला कुठला ठाऊक! तो तोंड वाकडं करत चघळत बसला. सगळे खो खो हसले.

पुढे चोरांच्या भीतीनं त्यानं वखारीला तट मागितला, मग तटावर तोफा, मग तोफांमागे शिपाई. आता विडा मिळताच तो मुजरा करून उठायचा. "रीत शिकला हो!" सरदेसाई कौतुकानं म्हणायचे.

यंदा तो शिपायांसकट आला. बोलणं संपल्यावर त्यानंच तबक ओढलं, झकास विडा बांधला आणि सरदेसायांना दिला.

रिवाजाप्रमाणे सरदेसाई उठले, जोडे घालून पायऱ्या उतरले. फाटकापाशी त्यांच्या लक्षात आलं, घर तर आपलं होतं.