अर्धा अधिक पाव

पंधरापैकी तेरा तुकडे नीट बसले आणि बापूजींच्या नाकाखाली कान आला.

सहावीचा वर्ग खुसखुसला. शाळेच्या संस्थापकांची, बापूजींची, पंच्याहत्तरी म्हणून त्यांचा टेबलभर चेहरा इतवारीतल्या छापखान्यातून पुठ्ठ्यावर छापून आणला होता. खेळ सोपा. खालच्या फळीवर प्रत्येक चौकोनात अपूर्णांकाचं एक गणित, आणि प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर एक उत्तर. गणित सोडवायचं, त्या उत्तराचा तुकडा त्या चौकोनात ठेवायचा. सगळी उत्तरं बरोबर आली की बापूजी प्रकट होतात. खोकं उघडलं तेव्हाच गणिताच्या शामला मॅडमना शिसारी आली होती. जुन्या लग्नपत्रिका कापून त्यांनी पोरांसोबत केलेली कोडी कपाटात गेली, आणि उजळणीला हे मिशाळ थोबाड आलं.

"मिशी कानाले कशी गेली?" मुख्याध्यापक वामनराव धावत आले. "बापूजी गेटवर आले ना, मॅडम! कोणं लावलं हे?"

"मी," अपेक्षा म्हणाली. "अर्धा अधिक पाव म्हणजे पाऊन. अन् पाऊन तर कानावर लिहून आहे, सर."

रविवारच्या बाजारात आईच्या तराजूपाशी बसणारी पोर ती. पाव, अर्धा, पाऊण तिच्या बोटांत होतं, पण तेच कागदावर अपूर्णांक होऊन आलं की तोंडाला कुलूप. दोन महिने शामला मॅडम त्या कुलपाशी झटत होत्या. आज ती आपणहून टेबलाशी आली होती, आणि उत्तर सांगताना मॅडमकडे वळूनही पाहिलं नव्हतं.

मॅडमनी दोन्ही तुकडे उलटून पाहिले. "छापणाऱ्यानं घोळ केला, सर. मिशीवर पाव छापलं, कानावर पाऊण. पोरीचं बरोबर आहे."

"उत्तर कोण पाहून राहिलं? फोटो चेहऱ्याचा निघते!" वामनरावांनी कपाळाचा घाम पुसला. "लाव वं पोरी, मिशी नाकाखाली लाव."

अपेक्षानं कानावरचा हात काढला नाही. "काहून, सर? चुकते ना मंग."

"मॅडम, तुम्ही सांगा तिले. तुमचंच ऐकते."

नाकापेक्षा मोती जड म्हणतात, इथे गणितापेक्षा मिशी जड झाली होती. शामला मॅडमना किळस आली. वामनरावांची आली, त्या तुकतुकीत मिशीची आली. व्हरांड्यात बापूजींच्या काठीची टकटक ऐकू आली आणि मॅडमचाच हात पुढे झाला, त्या हाताची सगळ्यांत जास्त आली.

"आजच्यापुरतं, बाळा," त्या म्हणाल्या. अपेक्षाच्या बोटांखालून त्यांनी कान काढून घेतला, कानाच्या जागी ठेवला, आणि मिशी नाकाखाली बसवली.

मग बापूजी आले. टाळ्या झाल्या, फोटो झाले. कोडं जुळवणारी पोर म्हणून वामनरावांनी अपेक्षाला पुढे केलं, तिच्या डोक्यावर बापूजींनी हात ठेवला. म्हातारा खरंच खूश झाला होता.

"माही मिशी कोणत्या गणितावर बसली, पाहू तरी," म्हणत त्यांनी तो तुकडा उचलला आणि खालच्या रिकाम्या चौकोनातलं मोठ्यानं वाचलं, "अर्धा अधिक पाव. सांग वं पोरी, किती झाले?"

बापूजींच्या चिमटीतल्या मिशीची पाठ अपेक्षाकडे होती. तिच्यावर ठळक छापलं होतं, १/४. अपेक्षानं ते वाचलं. मग तिनं मॅडमकडे पाहिलं, एकदा फसलेलं गिऱ्हाईक तराजूच्या काट्याकडे पाहतं तसं.

"घरी पाऊन, बापूजी," ती म्हणाली. "शाळेत पाव."