पाठीमागची बाई

फिट यायच्या आधी बुआलाईला नेहमी वाटायचं, पाठीमागे कुणी बाई उभी आहे. "घरात कोण येतं?" असं ती नवऱ्याला, थावोनला, खोदून खोदून विचारायची. तो चिकट भाताचा घास तसाच टाकून उठायचा.

चियांग माईच्या इस्पितळात फिटचं मूळ शोधायला डॉक्टरांनी तिच्या मेंदूत बारीक तारा बसवल्या. आज त्यांनी एका तारेतून किंचित वीज सोडली.

"आली!" बुआलाई दचकली. "माझ्या मागेच आहे."

"मावशी, जरा पुढे वाका बघू."

"तीही वाकली."

"आता हात वर करा."

"तिनंही केला. मेली माझी नक्कल करते!"

डॉक्टरांनी वीज थांबवली, तशी बाई नाहीशी झाली. "मावशी, ती तुम्हीच आहात. तुमचा मेंदू तुमचंच शरीर तुम्हाला परकं करून दाखवतो. दुसरं कुणी नव्हतंच कधी."

बुआलाईचे डोळे भरून आले. उगाच संशय घेतला माणसावर. तिनं थावोनचा हात घट्ट धरला.

त्याचाही जीव भांड्यात पडला. "मी सांगत नव्हतो? अगं, नोइना आपल्या घराकडे कधी फिरकलीसुद्धा नाही!"

बुआलाईनं हात सोडला.

"नोइना कोण?"