पिठाचं पीठ

"वहिनी, हे पीठच आहे," डबा उघडून भिकाजी गिरणीवाला म्हणाला.

"मग अजून बारीक करा," प्रमिला म्हणाली.

"परवाच केलं. आता दळलं तर वाऱ्यावर उडून जाईल."

मागे तिघीजणी डबे पोटाशी धरून उभ्या होत्या. त्यांच्याही डब्यात पीठच होतं. ओट्यावरची यंत्रं घरोघरी आयत्या पोळ्या द्यायला लागल्यापासून गल्लीत गहू असा कुणी आणलाच नव्हता. पण त्याच घरांच्या भिंती आता सगळं ऐकायच्या आणि दिवसभरात कोण कुणाबद्दल काय बोललं, ते जेवताना सगळ्यांना गोड आवाजात सांगायच्या. रस्त्यावरचे दिव्याचे खांबही तसलेच. फक्त भिकाजीच्या जुन्या गिरणीच्या खडखडाटात कुठल्याच यंत्राला काही ऐकू येत नसे.

"आजपासून बंद करतो," भिकाजी म्हणाला. "धान्यच नाही, तर गिरणी कशाला?"

"असं नका करू हो भाऊजी! सासूबाईंबद्दल आठवडाभराचं साठलंय, ते कुठे नेऊ मी?"

प्रमिला एवढ्या मोठ्यानं बोलली खरी, पण गिरणी अजून सुरूच झाली नव्हती. आणि दारात तिच्या सासूबाई, इंदुताई, उभ्या होत्या.

इंदुताईंनी काखेतला डबा पुढे केला. त्यातही पीठच होतं.

"चालू कर रे भिकाजी," त्या म्हणाल्या. "आधी हिचं होऊ दे, मी बाहेर थांबते. मग हिला बाहेर पाठव. माझं जरा जास्त आहे."