मफिनचा बाबा

"कुत्रा आत नाही सोडत, साहेब," वॉटर पार्कच्या गेटवरचा सिक्युरिटीवाला म्हणाला. अनिरुद्धनं मान डोलावली आणि पट्टा आईच्या हातात दिला. आईचा हात पुढे आहे की नाही, हे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. गेल्या पाच वर्षांत कधी पाहावं लागलं नव्हतं.

मफिनला त्यानंच आणलं होतं. वडील गेल्यावर तिसऱ्या महिन्यात. "आई, तुला सोबत होईल," म्हणाला. सोबत झाली. इतकी झाली, की वनमालाबाईंना त्यानंतर कुठे जाताच आलं नाही. महाबळेश्वर झालं, केरळ झालं, थायलंड झालं. दर वेळी बॅगा दाराशी आल्या की अनिरुद्ध म्हणायचा, "मफिनपाशी कोणीतरी हवं ना. तो तुझ्याशिवाय राहत नाही गं." मग बोरिवलीच्या तिसऱ्या मजल्यावर वनमालाबाई आणि एक लॅब्रेडॉर आठवडाभर एकमेकांकडे बघत बसायचे. थायलंडहून त्यांच्यासाठी हत्तीचं मॅग्नेट आलं. स्ट्रॉबेरी, हाउसबोट आणि हत्ती, अशी त्यांची प्रवासवर्णनं फ्रिजवर लागली होती.

कुत्र्याचं काम घरातल्या बायकांनी वाटून घेतलं होतं. पहाटे त्याला फिरवायचं शर्मिष्ठानं, घरातले बाकीचे उठायच्या आत. उरलेला दिवस सासूबाईंचा. अनिरुद्धकडे इन्स्टाग्राम होतं. तिथे तो 'मफिनचा बाबा' होता, आणि अकराशे माणसं त्याच्या वात्सल्याला हृदयं पाठवत होती.

या वेळी मात्र तो म्हणाला होता, "आई, तूपण चल! गोराईला तंबूत राहायचं, शेजारीच वॉटर पार्क. कुत्रापण चालतो." वनमालाबाई हरखल्या. पाच मिनिटांनी तंबूवाल्या रामनाथशी चाललेलं त्याचं बोलणं कानावर आलं. "नाही हो, एकटा नाही ठेवणार त्याला. दिवसभर आई असणारे ना त्याच्यापाशी." म्हणजे आईला न्यायचं म्हणून कुत्रा नव्हता. कुत्र्याला न्यायचं म्हणून आई होती.

वनमालाबाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. सवलत मिळते म्हणून अनिरुद्धनं बुकिंग फार आधी केलं होतं. सुट्टीला अजून चार महिने होते.

आता लेक सईसकट ते चारही जण गेटसमोर उभे होते, आणि अनिरुद्धच्या हातात तिकिटं तीन होती.

"संध्याकाळी येतोच आम्ही," तो म्हणाला. "तंबूत पंखा आहे."

तो वळला. तीन पावलं गेला. मफिननं मान वर केली आणि असा टाहो फोडला, की रांगेतली दोन पोरं घाबरून रडायला लागली. अनिरुद्ध मागे आला. मफिन गप्प. त्यानं अनिरुद्धच्या पावलावर डोकं टेकवलं आणि डोळे मिटले. अनिरुद्धनं हळूच पाऊल काढून घेतलं. पुन्हा टाहो.

"शर्मिष्ठा, तू धर जरा."

शर्मिष्ठानं धरला. मफिननं तोच सूर लावला, फक्त वरच्या पट्टीत.

"साहेब, काय ते ठरवा लवकर," सिक्युरिटीवाला म्हणाला. "पब्लिक व्हिडिओ काढतंय."

पब्लिक खरंच काढत होतं. मफिनच्या बाबाला कॅमेऱ्याकडे बघून हसावं लागलं.

"च्यायला, याला झालंय काय?" तो हसता हसता दातांतून म्हणाला.

"अनू," वनमालाबाईंनी पट्टा त्याच्या मनगटाला दोन वेढे देऊन गुंडाळला, "तो तुझ्याशिवाय राहत नाही रे."

मग त्यांनी पर्समधून फोन काढला आणि स्वतःचं तिकीट सिक्युरिटीवाल्यापुढे धरलं. सीनियर सिटिझन. पूर्ण दिवस.

"तू कधी काढलंस?"

"आधी काढलं की सवलत मिळते."

"अगं, घसरगुंड्या असतात तिथे! तुझं वय..."

"म्हणून तर घाई आहे."

पहिल्या घसरगुंडीवर जांभळ्या लेगिंगमधल्या वनमालाबाईंनी अशी किंकाळी मारली, की नऊ वर्षांची सई लाजून दुसरीकडे बघायला लागली. तिसऱ्या वेळी तीच आजीचा हात धरून रांगेत घुसली. भिंतीपलीकडून अधूनमधून मफिनचा टाहो यायचा. अनिरुद्ध चहाला उठला असावा. दर टाह्याला वनमालाबाईंना पाणी थोडं जास्त गार, थोडं जास्त गोड वाटत होतं.

दुपारी सई टायरवर तरंगत होती, आणि सासू-सून लाटांच्या तलावात गळ्यापर्यंत उभ्या होत्या.

"आई, खरं सांगा," शर्मिष्ठा म्हणाली. "काय केलंत त्या मफिनला?"

वनमालाबाई जिंकल्या होत्या. जिंकलेल्या माणसाला गप्प बसवत नाही.

"रोज दुपारी अनूचा घामट शर्ट अंगात घालायचा आणि कलेजी भरवायची. शर्ट उतरवायचा आणि कानात औषध घालायचं. चार महिने. आता त्याला पक्कं कळलंय, सुख कोणाच्या वासाला असतं ते." एवढं बोलून झाल्यावर आपण हे सुनेपाशी बोललो, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी हनुवटी वर केली. "सांगायचं तर सांग जा नवऱ्याला. मी नाही घाबरत."

भोंगा वाजला. मोठी लाट आली, दोघींना उचलून पुन्हा खाली ठेवून गेली. शर्मिष्ठानं तोंडावरचं पाणी निपटलं.

"आई, घरात मशीन रोज मी लावते," ती म्हणाली. "रोज त्याचा एक मळका शर्ट नेमका तुमच्या खोलीच्या दाराशी कसा पडून राहायचा, हे चार महिन्यांत तुम्हाला एकदाही विचित्र नाही वाटलं?"