हमाल नसलेल्या पेशी

"सर, पुन्हा उजळलंय," सरांच्या हाताखाली संशोधन करणारी मुलगी म्हणाली.

सर मायक्रोस्कोपवरून उठले नाहीत. पेशीत ओझी वाहून नेणारं एक प्रथिन असतं. सर त्याला लाडानं हमाल म्हणत. फक्त त्यालाच चिकटणारी, चमकता रंग जोडलेली अँटिबॉडी त्यांनी सशाच्या रक्तातून मिळवली होती. हमाल असेल तिथे हिरवा उजेड. त्या उजेडावर त्यांचं सगळं नाव उभं होतं. आणि मुलीनं आणलेल्या पेशींत हमाल मुळी नव्हताच. तिथे अंधार हवा होता.

"धुण्यात कसर राहिली असेल. जादा अँटिबॉडी निघाली नाही."

"तीन स्लाइड झाल्या, सर. आता काय साबण लावू?"

सर हसले नाहीत. म्हणाले, "बाईंना बोलाव."

बाई मागच्या खोलीत काचेची भांडी विसळत होत्या. बावीस वर्षं तेच करत होत्या. त्याआधी स्लाइड त्यांच्याच हाती असत. एकदा अशाच हमाल नसलेल्या पेशी उजळल्या आणि सर सगळ्यांदेखत म्हणाले होते, "तुमच्या हाताला सफाई नाही." तेव्हापासून घरी ताट घासलं तरी बाई ते दोनदा उजेडात धरून बघत.

मुलीनं अँटिबॉडी घातलेली नवी स्लाइड पुढे केली. बाईंनी हात पुसले. पाच वेळा धुतलं, दर वेळी घड्याळ लावून. उजेड दिसला तर त्यांच्यावरचा ठपका जाणार होता. पण पाठीत वाकून बसलेल्या सरांकडे बघून त्या मनोमन म्हणत होत्या, अंधार असू दे.

सर भिंगात डोकावले. हिरवा उजेड तसाच होता.

"तेव्हाही असंच धुतलं होतंत?"

"असंच, सर."

मुलगी हळूच म्हणाली, "सोमवारी तुमचा निरोप समारंभ आहे. तोवर थांबू या का?"

"नको. आत्ताच लिहून घे. ही अँटिबॉडी भलत्याच कशाला तरी चिकटते, असं सगळ्या प्रयोगशाळांना कळव." सर चष्मा पुसत राहिले. "चूक कधी सापडली, तिथे आजची तारीख घालू नकोस. बावीस वर्षांपूर्वीची घाल. आणि कुणाला सापडली, तिथे बाईंचं नाव."