उष्टं पीप

सोनिकाचं लग्न झालं त्या वर्षी, दोन हजार तेवीस साली, आषाढात तिच्या वडिलांच्या, नत्थूजींच्या, तोंडाच्या कर्करोगाचे विजेचे शेक संपले. तंबाखूचा खर्रा सुटला, गाठ गेली. वास आणि चवही गेली. भात माती, चहा माती. डॉक्टर म्हणाले, चव कधी कधी परत येते.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर नत्थूजी मुलाला म्हणाले, "मोहित, ते लग्नातली बाटली काढ."

"बाबा, डॉक्टर नाही म्हणाले ना."

"प्याले नाई मागून राहिलो गा. जिभेवर ठेवाले मागून राहिलो. एवढी कडक चीज. ते बी माती लागली, त मंग समजलो मी."

मोहितनं आईकडं पाहिलं. रंभाबाईंनी या घरात दारू कधी शिरू दिली नव्हती. लग्नाला येताना मोहितनं विमानतळावरून आणलेली ही बाटलीही त्यांनी गव्हाच्या कोठीमागं टाकून ठेवली होती. आता त्याच उठल्या. बाटली आणली, पदरानं पुसली आणि स्टीलचा पेला समोर ठेवला.

"थोडीशीच," त्या म्हणाल्या.

दारू काढ्यासारखी लालसर होती. मोहित सांगू लागला, "आई, ही स्कॉटलंडची व्हिस्की, सिंगल माल्ट. आधी पिपात शेरी ठेवतात, म्हणजे द्राक्षांची दारू. ते पीप रिकामं झालं की त्यात ही भरतात. बारा वर्षं ठेवतात. शेरीची चव हिच्यात उतरते."

"म्हणजे उष्ट्या पिपातली," रंभाबाई म्हणाल्या. "अन तुम्ही लोक मिटक्या मारता."

नत्थूजी हसले. हसताना जबडा दुखला. त्यांनी पेला ओठाला लावला, घोट जिभेवर धरला. डोळ्यांत पाणी आलं, तरी सोडला नाही. मग वाटीत थुंकले.

"कसं लागलं?" मोहितनं विचारलं.

"जळते."

"अन चव?"

 नत्थूजींनी जीभ टाळूला लावून पुन्हा पाहिलं.

"नुसतं जळते."

"जखम ओली आहे अजून, बाबा. होईल हळूहळू."

नत्थूजींनी पेला रंभाबाईंकडं सरकवला. "तू चाख वं. अन मले सांग."

"मी? डोकं फिरलं काय तुमचं? या वयात मले दारू पाजता?"

"मी सांगतो ना, बाबा," मोहित म्हणाला.

"तुह्या जिभेचं मले काय समजते? जन्मभर हिच्या हातचं खाल्लो मी."

रंभाबाईंनी उठून दाराची कडी लावली. परत येऊन बसल्या आणि त्याच पेल्यातून घोट घेतला. ठसका लागला.

"आग हाय, आग!"

"ते मले माहीत हाय. मंग?"

भाजीचं मीठ पाहताना फिरवतात तशी त्यांनी जीभ फिरवली. "मंग मनुका. सोनिकाच्या लग्नातल्या शिऱ्यातल्या. तुपात फुगलेल्या."

"अजून?"

"गूळ. पाकाचा. बुडाशी लागलेला."

"सांग ना, थांबते काहून?"

"घेऊ त द्या मले." त्यांनी आणखी एक घोट घेतला. या वेळी ठसका लागला नाही. "संत्र्याचं साल. वाळलेलं. अन शेवटी लाकूड. काठवट धुऊन उन्हात ठेवली की कशी वास मारते, तसं."

नत्थूजींनी डोळे मिटले होते. त्यांचा घसा हलला.

"हो," ते म्हणाले. "शिरा चांगला झाला होता."

"मी खा म्हणत होती तेव्हा कुठं खाल्ला? व्याह्यासोबत बोलत बसले."

मोहितनं बाटलीला बूच लावलं.

त्या संध्याकाळपासून नत्थूजींच्या ताटातला पहिला घास रंभाबाई घेऊ लागल्या. मीठ बरोबर हाय, म्हणत. मेथी जरा कडू निघाली, म्हणत. मग ताट त्यांच्याकडं सरकवत. तेवढं ऐकलं की ते जेवत.

नत्थूजी बरे झाले. चव आली नाही. रंभाबाई पुढच्या वर्षी वारल्या, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीची मिरवणूक निघते त्या सकाळी.